चढण्याजोगं झाड

ऑक्टोबर अर्धा सरला होता. रात्री पाऊस पडून गेलेला, त्यामुळे पायाखाली गळक्या पानांचा एरवीचा चुरचुराट नव्हता, नुसता ओला, कुजट-गोड वास होता. डोंगराच्या उतारावर हरणांच्या दोन वाटा जिथे एकत्र येतात तिथून पंधरा-वीस पावलांवर एक झाड उभं होतं. सरळसोट, खालून पंचवीस फुटांपर्यंत एकही फांदी नाही, बुंधा कवेत मावेल एवढा. मी मनात म्हटलं, हरणाच्या शिकारीला चढून बसायला हेच. शेजारच्या आजोबांनी त्या झाडाला तळवा टेकवला, मान मागे टाकून शेंड्याकडे बराच वेळ पाहिलं, सालीचा एक फिकट पडलेला पोपडा नखानं उचकटून बोटांत चुरला आणि "नाही" म्हणून ते पुढे चालू लागले. त्यांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण चढ संपल्यावर ते थांबले आणि वळून त्या झाडाकडे पाहत राहिले. नको म्हटलेल्या वस्तूकडे माणूस असा पाहत नाही. घरी आल्यावर पोळ्या लाटताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर, मला ती नजर आठवत राहिली.

आम्ही राहतो तो भाग मध्य पेनसिल्व्हेनियाचा. डोंगरांच्या लांबच लांब समांतर रांगा, मधल्या खोऱ्यांत मक्याची नि सोयाबीनची शेतं, आणि वर ओकचं जंगल. आजोबा पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. इथे वयाचा मुलाहिजा न ठेवता सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, तशी मीही मारते. मनात मात्र ते आजोबाच आहेत. इथल्या माणसाला दिवाळी कधी हे ठाऊक नसेल, पण हरणांच्या शिकारीचा मोसम कधी उघडतो हे पाचवीतलं पोरही सांगेल. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा कित्येक दशकं इथला सणच होता. २०१९पासून मोसम शनिवारीच उघडतो, तरी बऱ्याच शाळा त्या सोमवारी अजून बंद असतात. या देशात आल्यानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात मी दुकानाच्या रांगेत भगव्या जाकिटांतली माणसं पाहिली, बाहेर उघड्या गाडीत मागे मेलेलं हरीण पाहिलं आणि दूध न घेताच घरी परतले. शिकार म्हणजे जुन्या संस्थानिकांचे मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो, नाहीतर वर्तमानपत्रातली अटकेची बातमी, एवढंच मला माहीत. १९७२च्या कायद्यानंतर जन्मलेल्या माझ्या पिढीला याहून वेगळं काही माहीत असायचं कारणच नव्हतं.

त्यामुळे आजोबांबरोबर डोंगरावर जायला मी तयार झाले ती झाडांसाठी. बंदूक निघण्याच्या कितीतरी आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ते नुसते झाडं बघत हिंडतात. झाडावर चढायला नि वर बसायला ते क्लाइंबिंग स्टँड वापरतात. त्याचे दोन भाग असतात, वरचा बसायचा आणि खालचा पायांचा. दोन्हींची जाड तार खोडाभोवती वळसा घालून अडकवायची. वरचा भाग उचलून वर सरकवायचा, त्यावर भार टाकायचा, मग पायांत अडकवलेली खालची फळी गुडघे दुमडून वर ओढायची, तिच्यावर उभं राहायचं आणि पुन्हा वरचा भाग. भार पडला की लोखंडी दात सालीत रुततात आणि 'कर्र' असा आवाज होतो. असं वीसेक फूट. खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून जमिनीवर असतानाच फळीची बाहेरची कड जरा उचललेली ठेवायची. चढत जाल तशी ती सपाट होत येते. अंगात हार्नेस, आणि त्याचा पट्टा पहिल्या पावलापासून खोडाला बांधलेला. बंदूक रिकामी करून खाली ठेवायची आणि वर बसल्यावर दोरीनं ओढून घ्यायची. वरचा नि खालचा भागही एकमेकांना दोरीनं बांधलेले असतात, नाहीतर पायाखालची फळी सुटून खाली गेली तर माणूस वर अडकून राहील. इथे शिकारीतल्या अपघातांत झाडावरून पडणं हा फार मोठा वाटा आहे, आणि आजोबा या बाबतीत चेष्टा चालवून घेत नाहीत. मला त्यांनी त्यांच्या अंगणातल्या मेपलवर जमिनीपासून हातभर उंचीवर बसवलं होतं, तेही हार्नेस घालूनच. हातभर उंचीवरसुद्धा पोटात गोळा आला. खोडाला पाठ लावून बसल्यावर वाऱ्याची झुळूक अंगाला लागायच्या आधी पाठीला कळते, हे मला तेव्हा समजलं.

चढायचं झाड निवडणं म्हणजे बहुतेक वेळ झाडं नाकारणं. त्यांच्याबरोबर चालताना मी आधी हरणांच्या खुणा बघायचे, कारण त्या सापडल्या की फार आनंद होतो: नरानं शिंगं घासून सोललेलं कोवळं खोड, खुरांनी उकरलेली काळी माती, तिच्या बरोबर वर चावून मोडलेली डहाळी. ते त्या खुणा डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपायचे आणि मान वर करायचे. शॅगबार्क हिकरीची साल लांब पट्ट्यांनी सुटून लोंबत असते. लोखंडी दात सालीला धरतील, पण सालच खोडाला धरत नाही. बीचची साल गुळगुळीत, दंव पडलं की तिच्यावर काही टिकत नाही. व्हाइट पाइनला दर वर्षी फांद्यांचं एक नवं कडं फुटतं, तिथे स्टँड सरकवणार कसा? बुंध्यावर पॉयझन आयव्हीची केसाळ वेल दिसली की ते चार हात लांबून वळसा घालतात. पानं गळून वेल उघडी पडली तरी तिच्यातलं तेल अंगाला लागून फोड येतात. झाड झुकलेलं नको. वर वाळकी फांदी अडकलेली नको. फार बारीक असेल तर वाऱ्यात हलतं आणि त्यावरचा माणूस आभाळात उठून दिसतो. जाडी मोजायला ते फीत काढत नाहीत, झाडाला मिठी मारतात. दोन्ही हातांची बोटं पलीकडे एकमेकांना भेटली नाहीत तर झाड जास्त जाड. ऐंशीच्या घरातला, फारसं न बोलणारा, हात लोखंडानं पोळलेला माणूस एकामागून एक झाडांना मिठी मारत उतारावरून चाललाय, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिकारीबद्दल माझ्या मनात जे काही बांधून ठेवलेलं होतं त्याची एक गाठ सुटली.

ट्यूलिप पॉप्लर हे इथलं सगळ्यात देखणं चढण्याजोगं झाड. नावात पॉप्लर असलं तरी ते आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं, मॅग्नोलियाच्या घराण्यातलं. वसंतात त्याला पिवळट-हिरवी, बुडाशी नारिंगी पट्टा असलेली फुलं येतात, आणि शरदात त्याची टोक कापल्यासारखी पानं लख्ख पिवळी होतात. साठ-सत्तर फूट अंगावर फांदी नाही. पण ते वाढतं खालच्या ओलसर घळींत, आणि घळीत वारा भोवऱ्यात फिरतो. माणसाचा वास चारी दिशांना जातो, हरीण दोनशे पावलांवरून परत फिरतं. म्हणजे उत्तम झाड आणि निरुपयोगी जागा. वर कोरड्या कण्यावर जागा छान, तर झाडं खुजी, वाकडी, फांद्यांनी भरलेली. या दोहोंच्या मधे, उताराच्या साधारण वरच्या तिसऱ्या हिश्शात, रेड ओक सापडतो. त्याची साल बेताची खरबरीत, चपट्या पट्ट्यांची, दात नीट बसतात. शेजारी व्हाइट ओक असेल तर सोन्याहून पिवळं. व्हाइट ओकच्या बोंडांत टॅनिन, म्हणजे तुरटपणा, कमी, ती एका मोसमात पिकतात आणि हरणं ती आधी वेचून खातात. रेड ओकची बोंडं पिकायला दोन वर्षं घेतात आणि तुरट असतात, ती मागाहून. शिवाय व्हाइट ओक नि बीचची कोवळी झाडं वाळकी पानं हिवाळाभर अंगावर ठेवतात, तेवढाच बसणाऱ्याच्या मागे आडोसा. ऑक्टोबरात रंगानं भरलेलं जंगल बघताना नोव्हेंबरअखेरचं उघडंबोडकं जंगल डोळ्यांसमोर आणावं लागतं. आजोबांना ते जमतं. ते एखाद्या लालभडक मेपलकडे बघून म्हणतात, "तेव्हा हा इथे नसेल."

वारा बघायला त्यांच्या खिशात मिल्कवीडची सुकी बोंडं असतात. मिल्कवीड हे आपल्या रुईच्या नात्यातलं रोप, तसाच पांढरा चीक, तसेच रेशमी तंतू लावलेलं बी. लहानपणी आम्ही त्यांना म्हाताऱ्या म्हणायचो आणि फुंकर मारून पाठवून द्यायचो. आजोबा झाडाखाली उभे राहून एक म्हातारी सोडतात आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघतात. सकाळी उन्हानं उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली घळीत उतरते; तंतू ते सगळं हवेत काढून दाखवतो. चांगली मिनिटभर तो सरळ जातो आणि मग एका अदृश्य कोपऱ्यावर वळून खाली झुकतो. तिथे हरणांची वाट असली तर ते झाडही बाद.

मी झाडं पारखणारा माणूस याआधी एकच पाहिलेला, माझे आबाजी. यवतमाळ जिल्ह्यात जंगलाला लागून आमचं वावर होतं. ज्वारी निसवली, तूर फुलावर आली की रोही, म्हणजे नीलगाई, नि रानडुकरं यायची आणि एका रात्रीत पट्टाच्या पट्टा झोपवून जायची. मग जागल. बांधावरच्या मोहावर मचाण बांधलेलं असायचं: आडव्या बल्ल्या, त्यांवर तुराट्या, वर पोतं. एका हिवाळ्यात हट्ट करून मी त्यांच्याबरोबर वर गेले होते. खाली कोळशांची धग, हातात रिकामा तेलाचा डबा आणि काठी, आणि अधूनमधून आबाजींची लांब "होऽऽ" अशी आरोळी, तिला दूरच्या वावरातून दुसऱ्या कुणाची तरी "होऽऽ". मचाणासाठी झाड बघताना आबाजी बुंध्यावर उलट्या कुऱ्हाडीनं ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. पोकळ वाजलं की नको. शेवग्यावर चढू नये, जांभळाच्या फांदीवर भरवसा ठेवू नये, हे मराठी घरातल्या प्रत्येक पोराला बजावलेलं असतं; आबाजींना त्यापलीकडचंही ठाऊक होतं, कुठल्या झाडाची कुठली फांदी कितव्या माणसापर्यंत बोलणार नाही ते. त्यांना बेचकं लागायचं. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर तीन जाड फांद्या फुटलेल्या हव्यात, म्हणजे बल्ल्या बसतात. इथल्या आजोबांना नेमकी फांदीच नको असते. आबाजींनी ज्याला झाड म्हटलं असतं ते यांनी बाद केलं असतं आणि यांचा सरळसोट ओक आबाजींनी खांब म्हणून घराकडे नेला असता. पण झाडापाशी उभं राहण्याची दोघांची रीत एक. आधी हात, मग मान वर, मग गप्प.

कॉलेजात असताना बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला टिपेश्वरच्या अभयारण्यात एका पाणवठ्यावरच्या मचाणावर मी रात्र काढली होती. चितळांचा एक कळप पहाटेच्या आधी पाण्यावर आला, एकेक पाऊल टाकत, मान उचलून हवा हुंगत. आमच्या हातात वही-पेन्सिल होती. त्या रात्री मला वाटलं होतं की झाडावर बसून जनावराची वाट पाहण्याचा शुद्ध प्रकार हाच. आबाजी हाकलायला बसायचे, आम्ही मोजायला बसलो, आणि आजोबा मारायला बसतात. या तिन्हींत एक पायरी आहे असं मी बरीच वर्षं मानत होते आणि आजोबांना सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून मोकळी झाले होते.

मग एके संध्याकाळी मी त्या झाडाबद्दल विचारलं.

"अ‍ॅश आहे तो," ते म्हणाले. "मेलाय. उभाय, पण मेलाय."

मला पटेना. निम्म्या शेंड्यावर पानं होती की! मग दुसऱ्या दिवशी ते मला पुन्हा घेऊन गेले आणि साल वाचायला शिकवलं. जे फिकट पट्टे मी उन्हाचे कवडसे समजले होते ते सुतारपक्ष्यांनी सालीचा वरचा थर उडवून केलेले. पक्षी आतल्या अळ्यांच्या मागावर असतात. सालीत तीनेक मिलिमीटरची, एका बाजूनं सपाट, दुसरीकडे गोल अशी भोकं. तिथून किडा बाहेर पडतो. साल सोलली तर आत लाकडावर नागमोडी चरच चर. एमरल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हा हिरवा, झळझळीत भुंगा पूर्व आशियातला. २००२ साली तो डेट्रॉइटच्या परिसरात सापडला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. २००७मध्ये पेनसिल्व्हेनियात दिसला. त्याच्या अळ्या सालीखालचा रस वाहणारा थर खातात आणि झाड उपाशी मरतं. अ‍ॅशचं लाकूड म्हणजे चिवटपणाचा नमुना, बेसबॉलच्या बॅट पिढ्यान् पिढ्या त्याच्याच होत्या, त्यातल्या कितीतरी याच राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलांतल्या लाकडाच्या. पण उभ्याउभ्या मेलेला अ‍ॅश बघताबघता ठिसूळ होतो. फांद्या तर जातातच, खोडही मधूनच मोडतं. लाकूडतोडेसुद्धा त्यावर चढायचं टाळतात. आणि त्या झाडावर आजोबा कित्येक मोसम बसले होते. त्यांच्या मुलाला त्यांनी पहिल्यांदा चढवलं ते त्याच झाडावर. सालीवर, माझ्या डोक्याच्या जरा वर, स्टँडच्या दातांचे जुने, भरून आलेले व्रण एकाखाली एक उतरत आलेले दिसत होते. मी आधी ते पाहिलेच नव्हते.

परतीच्या वाटेवर त्यांनी पायानं नेचे बाजूला करून एक मनगटाएवढं रोप दाखवलं. लांबट, करवतीच्या काठाची पानं. अमेरिकन चेस्टनट. हे एके काळी पूर्वेकडच्या डोंगरांचं राजं झाड होतं. १९०४मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात त्यावर एक बुरशीचा रोग आढळला आणि चार-पाच दशकांत सगळा पट्टा गेला. मेलेल्या झाडांचा अंदाज काही अब्जांचा सांगतात. मुळं अजून जिवंत आहेत. ती कोंब काढतात, कोंब मनगटाएवढा होतो, साल फाटून रोग आत शिरतो आणि कोंब मरतो, मग मुळं पुन्हा कोंब काढतात. आजोबांचे वडील चेस्टनटवर पाट्या ठोकून बसायचे. आजोबा अ‍ॅशवर बसले. हेमलॉक, हे या राज्याचं मानाचं झाड, त्यावर लोकरीसारखी पांढरी कीड आहे. बीचवर २०१२पासून पानांचा एक नवाच रोग ओहायोतून पसरत इकडे आलाय. आपण जंगल बघतो तेव्हा हिरवं दिसतं. त्यांना ते एकेक झाड करून दिसतं, कारण त्यांना दर वर्षी एकावर स्वतःचा जीव टांगायचा असतो. असं जंगल बघणारी माणसं मला निसर्गप्रेमी मंडळींतही फारशी भेटलेली नाहीत, आणि मी त्या मंडळींत बरीच वावरलेय.

मी विचारलं, मग पुढचं झाड कुठलं? म्हणजे तुमचा नातू चाळीस वर्षांनी कशावर बसेल? त्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही, आणखी अर्धा मैल चालवलं. तिथे वनखात्यानं तोडलेल्या एका पट्ट्याभोवती माणसाहून उंच जाळीचं कुंपण आहे. कुंपणाच्या आत ओकची, मेपलची, चेरीची रोपं दाटीवाटीनं, छातीपर्यंत. बाहेर आम्ही उभे होतो तिथे गुडघाभर नेचे. सुंदर, मऊ, चुरगाळले की वाळल्या गवताचा वास येणारे, नजर पोचेल तिथवर फक्त नेचे. हरणं नेचे खात नाहीत. बाकी सगळं खातात. एक हरीण दिवसाला दोन-तीन किलो पाला, कोंब, बोंडं फस्त करतं. जमिनीतून वर आलेला ओकचा प्रत्येक कोंब कुठल्यातरी हिवाळ्यात कुणाच्या तरी तोंडी जातो. त्या उतारावर मी इतक्या वेळा हिंडले होते, नेच्यांचे फोटो काढले होते, घरी पाठवले होते. जंगलात थोराड झाडं आहेत आणि पोरंच नाहीत, हे मला त्या जाळीनं सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

या राज्यातले लांडगे नि प्यूमा एकोणिसावं शतक संपेपर्यंत मारून संपवले गेले होते. तेव्हा हरणंही जवळजवळ संपली होती, इतकी की १९०६पासून दुसऱ्या राज्यांतून आणून सोडावी लागली. १९०७मध्ये मादी मारायला बंदी आली. जंगल तोडलेलं, सगळीकडे कोवळा पाला, मारणारं जनावर कुणी नाही. हरणं झपाट्यानं वाढली. आणि मादी मारणं पाप, ही शिकवण दोन-तीन पिढ्यांत हाडीमासी खिळली. २००२ साली गेम कमिशनचे, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याचे, जीवशास्त्रज्ञ गॅरी आल्ट यांनी लहान शिंगांचे नर वाचवायचे आणि माद्या जास्त मारायच्या असं धोरण आणलं तेव्हा गावोगावच्या सभांत संतापाचा डोंब उसळला होता. आजोबा त्या संतापात सामील होते. त्यांनी तेव्हा मादीचा परवाना काढून तो फाडून टाकला होता, म्हणजे आणखी एक परवाना कुणाच्या हाती लागायला नको. तसं करणारे पुष्कळ होते. पुढे कधीतरी, कुंपणाच्या आतली रोपं त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली तेव्हा, त्यांचं मत बदललं. हे सांगताना त्यांनी जाळीत बोटं अडकवली होती.

मला इथे थांबून एक सांगावंसं वाटतं. हे सगळं समजलं म्हणून मेलेलं हरीण बघवायला लागलं, असं झालेलं नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांनी पांढऱ्या कागदात बांधलेलं मटण आमच्या दारी आणून ठेवलं. रानातल्या हरणाचं मांस इथे विकता येत नाही, फक्त देता येतं. गरिबांच्या अन्नछत्रांना मांस पोचवणारी या राज्यातल्या शिकाऱ्यांची योजनाही आहे. मी ते पुडकं दोन दिवस फ्रीजमध्ये तसंच ठेवलं. मग खोबरं, खसखस, दगडफूल भाजून आमच्या वऱ्हाडी पद्धतीचा काळ्या मसाल्याचा रस्सा केला. मांस तांबडं, गडद, चरबी नावाला नाही. घरात रानाचा एक उग्र वास दरवळला आणि टिपेश्वरच्या पाणवठ्यावरचं ते मान उचलणारं चितळ डोळ्यांसमोर येऊन उभं राहिलं. मी जेवले. चव चांगली होती आणि घास जड होता, दोन्ही एकदम. आबाजी असते तर काय म्हणाले असते याचा मी विचार केला. रोह्यानं झोपवलेल्या ज्वारीत उभं राहून ते कधी शिव्या द्यायचे नाहीत. पण पुढच्या वर्षी मचाण कुठल्या झाडावर हे मात्र तिथेच उभ्या उभ्या ठरवायचे. पिकासाठी रात्र रात्र जागणाऱ्या त्या माणसाला जंगलाची राखण हा विचार अवघड गेला नसता असं मला वाटतं. टिपेश्वरच्या चितळांच्या मागे वाघ आहे. इथल्या हरणांच्या मागे आता गाड्या आहेत, हिवाळा आहे, आणि वीस फुटांवर बसलेले हे म्हातारे आहेत. त्यांची मुलं शहरांत गेली, नातवंडांना थंडीत बसायचा कंटाळा येतो. झाडावर बसणाऱ्यांचं सरासरी वय दर वर्षी वाढतंय हे नोव्हेंबरात नुसत्या रस्त्याकडेला उभ्या गाड्यांतल्या माणसांकडे पाहिलं तरी कळतं. जंगल मोठं आणि जाळी छोटी. मी त्यांना ज्या पायरीवर ठेवलं होतं तिथून ते केव्हाच उठून गेलेत.

यंदाचं झाड ठरलंय. रेड ओक, त्या अ‍ॅशपासून शंभर-सव्वाशे पावलं वर, हरणांच्या वाटेपासून सोयीपेक्षा जरा लांब. आजोबांनी त्याला मिठी मारली तेव्हा बोटं जेमतेम भेटली. वर दोन खोडं जवळजवळ आलीत, त्यामुळे पाठीमागे आडोसा आहे. मुळाशी बोंडं पडलेली, मऊ माती, झाडाला झुकाव नाही. त्यांनी तीन वेगवेगळ्या वेळी येऊन मिल्कवीडचे तंतू सोडले. वायव्येचा वारा असेल तर वास रिकाम्या खडकाळ बाजूला जातो, दक्षिणेचा असेल तर सरळ वाटेवर. तेव्हा दक्षिणेच्या वाऱ्याला ते झाड नाही. त्या दिवसासाठी खिंडीजवळचा दुसरा, जरा बारीक ओक. या वर्षी त्यांच्याकडे मादीचा परवाना आहे आणि तो फाडलेला नाही. ती त्यांना मिळावी असं मला मनापासून वाटतं. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं, कारण ते खरं आहे.

शनिवारी मोसम उघडतोय. आजी गेल्यापासून आजोबा एकटे राहतात, म्हणून या खेपेला त्यांनी नकाशा मला काढून दिलाय. एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं, दोन्ही ओकांवर फुल्या, ओढा, कुंपण, गाडी लावायची जागा. चढायला लागण्याआधी एक निरोप आणि पाय जमिनीला लागल्यावर दुसरा, असं ठरलंय. सकाळी उठून मी आधी वारा बघणार, म्हणजे ते कुठल्या झाडावर आहेत ते कळेल. अकरापर्यंत दुसरा निरोप आला नाही तर फोन कुणाला करायचा आणि कुठल्या फुलीकडे चालू लागायचं, हे पाकिटावरच खाली लिहिलेलं आहे.